वळीतली बांगडी

द्रौपदा अक्कांची चरबी गेली, पण चरबीनं इतकी वर्षं राहायला घेतलेली जागा काही तिच्याबरोबर गेली नाही. ती तिथंच लोंबत राहिली. दंडाला झोळ, कोपराखाली वळ्या, आणि पोटावर अशी थैली की रोज सकाळी निऱ्यांच्या आत दुमडून कोंबायची. वळीत घाम साचे, घामानं चट्टे येत, चट्ट्यांवर पावडर थापावी लागे. चरबी उतरवणारी आठवड्याची सुई सगळीकडं स्वस्तात मिळायला लागल्यापासून निम्मी बार्शी अशीच वाळली होती. रस्त्यानं माणसं चालत आणि त्यांची कातडी त्यांच्या मागनं एक पाऊल उशिरा येई.

"पोटाचं काय, ते लुगड्यात झाकतं," अक्का म्हणत. "हात झाकून बांगड्या भरता येतात व्हय?"

कारण अक्का म्हणजे डांगऱ्यांची कासारीण. बाकीच्या बांगड्या आता फोनवर विकल्या जात. हातावरून फोन फिरवला की माप निघे, आणि संध्याकाळच्या आत खोकं दारात. पण लग्नाचा हिरवा चुडा खोक्यातनं येत नाही. त्याला कासारीण लागते. समोर बसून नवरीचा पंजा दाबणारी, अंगठ्याचं हाड आत वळवून बांगडी अलगद वर चढवणारी. आणि भरून झालं की भरणारीला वाकून नमस्कार करायचा, मग नवरी कलेक्टर का असेना. अक्का चार बुकं शिकलेल्या, पण कलेक्टरणीला वाकवलेल्या.

अशा अक्कांना, नातीच्या साखरपुड्यात, भर मांडवात लोक हसले.

झालं एवढंच की अक्का व्याह्यांकडच्या बायकांना बांगड्या भरत होत्या. हात पुढं-मागं होई तसा दंडाखालचा झोळ झुले. कुणाचं तरी शेंबडं पोर जवळ आलं, त्यानं खालून टिचकी मारली आणि ओरडलं, "हत्तीचा कान!" बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. अक्काही हसल्या. पण तो झुलता दंड कुणीतरी फोनमध्ये टिपला, त्याला वाजंत्री लावली आणि जेवणाची पंगत उठायच्या आत तो दोन्हीकडच्या पाव्हण्यांत फिरून आला.

परतीच्या गाडीत नात इरा हळूच म्हणाली, "आज्जी, तू दमतेस गं. माझा चुडा आई भरेल ना."

पुढं बसलेल्या आप्पांनी, म्हणजे अक्कांच्या नवऱ्यानं, लगेच खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"मी मेलेय का?" अक्का म्हणाल्या.

मागच्या सीटवर इराची आई ऋतुजा बसली होती.  ऋतुजा या घरात नवरी होऊन आली तेव्हा अक्कांनीच तिला समोर बसवून बांगडी भरायला शिकवलं होतं, आणि तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा झाला नव्हता. पण सहा-सात वर्षांपूर्वी अक्कांचा मुलगा, ऋतुजाचा नवरा ओंकार अपघातात गेला. ऋतुजा दुकानात राहिली, बांगड्या भरायच्या गादीवर राहिली नाही. मागच्या खोलीत बसून ती ऑनलाइनची खोकी बांधायची. मोकळ्या हातांच्या बाईनं नवरीचा चुडा भरायचा नसतो. हे अक्कांनी तिला कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. गादीवरची तिची उशी तेवढी उचलून आत ठेवली होती.

आता सख्खी नात म्हणत होती, आई भरेल. अक्कांना रात्रभर ते टोचत राहिलं. सकाळी उठून त्यांनी आप्पांना हुकूम सोडला, "सोलापूरला गाडी सांगा. ते लेपवाले डॉक्टर बसतात तिथं. लग्नाच्या आत माझे हात मला परत पायजेत."

*

डॉक्टरीण पोरसवदा होती, पल्लवी नावाची. तिनं अक्कांच्या दंडाची कातडी चिमटीत धरली, ताणली, सोडली. कातडी जिथं सोडली तिथंच राहिली.

"आजी, लहानपणी गुडघा खरचटलाय कधी?"

"खरचटलाय? फुटला होता. आणि आजी म्हणू नको, अक्का म्हण."

"बरं, अक्का. मग ती जखम रोज थोडी लहान होत गेली ना? कुणी शिवली नाही, तरी मिटली. जखमेपाशी खास पेशी तयार होतात. त्या दोन्ही बाजूंचे काठ धरतात आणि ओढतात, दोघींनी चादर ओढावी तसं. काठ जुळले की त्यांचं काम संपतं. आमच्या लेपात त्या पेशींना बोलावणारा निरोप आहे. जखम नसतानाच पाठवलेला. वर निळा उजेड टाकला की निरोप उघडतो. कातडीला वाटतं, सगळीकडंच जखम झालीय. मग ती जुने सैल धागे विरघळवते, नवे घालते आणि स्वतःला आवळत नेते. सुरी नाही, टाका नाही."

"म्हणजे कातडीला फसवायचं."

"फसवायचंच."

"फसव. तीबी मला न विचारता इतकी वर्षं वाढलीय."

डॉक्टरीण हसली आणि मग गंभीर झाली. "दोन गोष्टी नीट ऐका. एक, पहिले काही आठवडे हातांवर काहीही नको. दोरा नको, अंगठी नको, बांगडी नको. कातडीला काठ कुठला आणि वस्तू कुठली हे कळत नाही. जे लागेल ते जखमेचा काठ समजून ती धरून बसेल. वळ्यासुद्धा रोज उघडून वाळवायच्या, नाहीतर वळीला वळी चिकटेल. आणि दोन, कापड आटलं तरी त्यावरचे बुट्टे तेवढेच राहतात ना? दाट दिसतात फक्त. स्पर्श कळवणाऱ्या नसांची टोकं तशीच. जागा निम्मी झाली तरी ती तेवढीच राहणार. वर्षभर तरी हाताला प्रत्येक गोष्ट दुपटीनं जाणवेल."

अक्कांनी दुसरी गोष्ट ऐकलीच नाही. त्या पहिल्यातच अडकल्या होत्या.

"बांगडी नको म्हंजे?"

"म्हणजे एकही नको."

सोबत आलेल्या ऋतुजानं पर्समधनं प्लॅस्टिकची पिशवी काढून पुढं धरली. अक्कांनी ती हिसकावून घेतली, हातावर चढवली आणि तिच्यावरनं एकेक बांगडी सरकवून काढली, एकही न पिचवता. मग दोन्ही हातांकडं बघायचं टाळून त्यांनी ते लेपाखाली दिले, बोटांच्या पेरापासून खांद्यापर्यंत.

बाहेर आल्यावर आप्पांनी ते भुंडे हात बघितले आणि बघितले नाहीत असं केलं. एवढं त्यांना संसारानं शिकवलं होतं.

*

कातडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी जागी झाली, आणि अक्कांची झोप गेली. मुंग्या आल्यासारखं वाटतं म्हणावं, तर मुंग्यांना निदान ओळ असते. इथं सगळीकडनं कुणीतरी बारीक बारीक चिमटीनं ओढत होतं. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठं जावं कळेना. अक्का चुलीपासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून चुलीपर्यंत येरझाऱ्या घालत. वाटेत जो भेटेल त्याला बोलून घेत.

"पंखा बंद करा! वारं बोचतंय. अरे, चालू करा, उकडतंय!"

ऋतुजा रोज गार पाण्याचा फवारा घेऊन येई. "वळ्या उघडून बघू दे, अक्का."

"लांबनं मार. हात लावू नको. वळ्या माझ्या मी उघडते."

हे सांगायचं कारण होतं. आदल्याच आठवड्यात जेवताना आप्पांना ठसका लागला. लागला आणि थांबेना. डोळे वर गेले, चेहरा लाल झाला. अक्का पाणी घेऊन धावल्या आणि पेला धरलेले स्वतःचेच हात त्यांना दिसले. भुंडे. आप्पांचा ठसका थांबला, त्यांनी भाताचा पुढचा घास घेतला, पण अक्कांच्या छातीतली धडधड काही थांबली नाही. त्यांनी आत जाऊन दार लावलं. कपाटात त्यांच्या जाडेपणातल्या बांगड्या होत्या, भल्यामोठ्या. त्यातली एक हिरवी काढली, देवाला टेकवली आणि डाव्या हातात घालून थेट वर चढवली, कोपराखाली, जिथं दोन वळ्या एकमेकींवर पडत होत्या. वळीनं बांगडी आत घेतली. वरून काही दिसेना. हातात बांगडी नाही असं आता देवाला म्हणता येणार नव्हतं, आणि आहे असं डॉक्टरणीला म्हणता येणार नव्हतं.

हात मात्र दिवसागणिक सुधारत होते. झोळ वर चढला, दंड गोल झाले. अक्का आरशासमोर उभ्या राहून हात हलवत, आणि हललेला हात जिथं थांबे तिथंच कातडीही थांबे. साखरपुड्यातल्या त्या पोराला एकदा घरी बोलवावं असंसुद्धा त्यांच्या मनात येऊन गेलं. कोपराखालची वळी तेवढी उघडेना. तिचे दोन्ही ओठ घट्ट मिटले होते. बरंच झालं, अक्कांना वाटलं, झाकली मूठ झाकलेलीच बरी.

मग बोटं थंड पडायला लागली. मग नखं निळी दिसू लागली. अक्कांनी नखांना मेंदी लावली.

लग्नाला काही आठवडेच उरले होते, तेव्हा दुकानात त्यांच्या हातून काचेच्या बांगड्यांची अख्खी पेटी खाली आली. खळकन आवाज झाला. ऋतुजा आतनं धावत आली आणि काही विचार न करता तिनं अक्कांचा डावा हात धरला. अक्का अशा किंचाळल्या की समोरचा चहावाला रस्ता ओलांडून आला.

ऋतुजानं हात सोडला नाही. बाही वर केली. कोपराखाली कातडी लालबुंद, तकतकीत फुगली होती.

"हे काय आहे, अक्का?"

"वळी हाय."

"वळी हिरवी असते?"

ताणलेल्या कातडीतनं खरंच हिरवा रंग झिरपत होता, पाण्याखालच्या शेवाळासारखा. अक्कांनी बाही खाली ओढली.

*

"वळी कापून उघडते," डॉक्टरीण पल्लवी म्हणाली. ती चिडली होती, पण आवाज चढवत नव्हती. "कातडीनं बांगडीला काठ समजून आत घेतलंय. आणखी आवळली तर रक्त पुढं जाणार नाही. बांगडी तोडून काढावी लागेल."

"काप. बांगडी तोडू नको. सरळ काढ."

"हात सुजलाय, अक्का. सरळ निघणार नाही."

"मग सूज उतरव."

"तोवर बोटं राहणार नाहीत."

"हे बघ पोरी, ते बाहेर बसलेत. जिते हायेत. आमच्या घरात बाईची बांगडी फुटली असं म्हणतसुद्धा न्हाईत, वाढवली म्हणतात. आणि तू कटर घेऊन उभी राहिलीस. बोटं गेली तर गेली. पण त्यांचं काही..."  त्या टेबलावरनं उठायला लागल्या. परिचारिकेनं खांदा धरला, तर तो स्पर्शही चटका बसल्यासारखा लागला.

ऋतुजा भिंतीपाशी उभी होती. ती पुढं आली. तिचा आवाज रोजचाच होता, खोकी मोजताना असतो तसा.

"ते गेले त्या दिवशी सकाळी माझ्या दोन्ही हातांत बांगड्या होत्या, अक्का. तुम्हीच भरलेल्या. एकसुद्धा पिचली नव्हती."

खोलीत कुठलंसं यंत्र टिकटिक करत होतं. अक्का सुनेकडं बघत राहिल्या. तिच्याकडं असं सरळ त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. मग त्या मागं टेकल्या आणि मान भिंतीकडं वळवली.

"तोड."

कातडी सुन्न केली होती, दुखलं काही नाही. पण आवाज आला. किती बारीक! आयुष्यभर तो आवाज ऐकला होता, दुकानात, पेट्यांत, पोरींच्या मनगटावर. एवढा बारीक कधी आला नव्हता. डॉक्टरणीनं पाण्याची धार सोडून तुकडे वेचले, जखम धुतली, पट्टी बांधली.

"ऋतुजा," अक्का भिंतीकडंच तोंड करून म्हणाल्या, "जा, बाहेर बघून ये."

ऋतुजा गेली आणि आली.

"आप्पा वडापाव खातायत."

"दवाखान्यात?"

"दाराबाहेर. दुसरा चाललाय."

अक्का ताडकन उठून बसल्या. "तेलकट बंद केलंय त्यांचं! मी हितं कापून घेतेय आणि ते तिथं तळण हादडतायत? हाक मार त्यांना! न्हाई, थांब, मीच येते!"

पट्टीचा हात उरापाशी धरून त्या दारापर्यंत गेल्यासुद्धा. तिथं चौकट धरून क्षणभर उभ्या राहिल्या. बाहेर आप्पा मिशीला लागलेली चटणी पुसत होते. अक्कांनी डोळे पुसले आणि मग त्यांना यथासांग झापलं.

*

बांगड्या भरायचा दिवस आला. अंगणात मांडव, घरात पाव्हण्या, मधोमध गादी. अक्का गादीवर बसल्या. हात कसे झाले होते! कोपराखालच्या व्रणाशिवाय कुठं सुरकुती नाही. बायका कौतुकानं बघत होत्या आणि लगेच नजर खाली घेत होत्या, कारण त्या सुंदर हातांत एकही बांगडी नव्हती. व्रण नीट बसेपर्यंत डॉक्टरणीनं घालू दिली नव्हती. आजपासून चालेल म्हणाली होती, पण अक्कांना स्वतःच्या हातावर काच टेकवायचा धीर झाला नव्हता.

इरा समोर बसली. अक्कांनी तिचा पंजा हातात घेतला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. पोरीची नाडी त्यांच्या बोटांत ढोल वाजल्यासारखी आदळत होती. तळव्याचा घाम, मेंदीचा खरखरीत थर, सगळं एकदम अंगावर आलं. बांगडी उचलली, तर काचेची कड सुरीसारखी लागली. त्यांनी दात आवळले, अंगठा दाबला. हात आपोआप झटकला गेला. बांगडी जमिनीवर पडली आणि वाढली.

 अक्कांच्या थोरल्या नणंदबाई हळूच म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या सुमनबाईंना बोलवू का, वहिनी? चांगला हात आहे."

"माझ्या नातीला सुमनबाई?" अक्कांनी अशी नजर टाकली की नणंदबाई सुपारी शोधायला लागल्या.

इरा या दोघींकडं बघत नव्हती. ती आतल्या दाराकडं बघत होती. तिथं ऋतुजा चुड्याचं ताट घेऊन उभी होती.

अक्कांची कातडी परत ओढायला लागली, की नुसतं वाटलं कुणास ठाऊक. त्यांना तिथं बसवेना आणि उठवेना.

"ऋतुजा," शेवटी त्या म्हणाल्या, "त्यातल्या चार घाल हातात. आणि बस गादीवर."

घरात कुजबूज झाली. अक्कांना वाटलं, आपण किती मोठं मन केलं! सून आता डोळ्याला पदर लावणार.

"नको, अक्का," ऋतुजा म्हणाली.

"काय नको?"

"मला हौस वाटली तर मी घालीन, माझी मी. पण भरायला बसता यावं म्हणून नाही घालणार. भरायच्या तर याच हातांनी भरीन. नाहीतर सुमनबाईंना बोलवा, मी ताट देते त्यांच्याकडं."

 अक्कांनी तोंड उघडलं. असं चारचौघांत कुणी त्यांना नाही म्हटलं नव्हतं. सांगायला जिभेवर दहा गोष्टी आल्या. पण हात मांडीवर तसेच पडले होते, तरण्या पोरीसारखे गोल आणि रिकामे. ऋतुजाचे हात ताटाखाली होते. तेही रिकामेच. दोघींच्या हातांत आता फरक तो काय उरला होता, आणि आप्पा बाहेर मांडववाल्याशी भांडत होते, ठणठणीत आवाजात.

अक्का गादीवरनं उठल्या. "सरक गं," त्यांनी इराला म्हटलं आणि तिच्या जागी, भरून घेणारीच्या पाटावर, मांडी घालून बसल्या. उजवा हात पुढं केला.

"आधी माझ्या भर. बघू तरी, विसरलीस का."

 ऋतुजा ताट ठेवून गादीवर आली. तिनं अक्कांचा पंजा घेतला. अक्कांनी डोळे मिटले, खांदे आखडले, चटक्याची वाट बघत राहिल्या.

चटका आला नाही. हात ऊबदार होता आणि घाई करत नव्हता. त्यानं अंगठ्याच्या बुडाशी दाब दिला आणि तो थांबला. हाड स्वतःहून वळेपर्यंत थांबला. हे थांबणं कुणाला शिकवून येत नाही, अक्कांनी शिकवलं होतं तरी. बांगडी मांसल भागावर आली, अडली, आणि पाण्यातनं सरकावी तशी मनगटावर उतरली. पण दुपटीनं जाणवणाऱ्या त्या कातडीला आणखी एक गोष्ट कळली. ऋतुजाच्या बोटांच्या टोकांना घट्टे होते. आडवे, राठ. बांगड्या भरणारीला असे घट्टे पडत नाहीत.

"बोटं रखरखीत झालीत तुझी," अक्का डोळे न उघडता म्हणाल्या.

"खोक्यांच्या चिकटपट्टीनं."

दुसरी बांगडी चढली. तिसरी.  मग अक्कांनी दाराकडं बघून हाक मारली.

"आवो! उद्यापासनं खोकी तुम्ही बांधायची."

"मी?" बाहेरनं आवाज आला.

"मग? दिवसभर काय करता? वडापाव?"

बायका हसल्या. दोन्ही हात भरून झाले. ऋतुजानं ताट पुढं ओढलं आणि इराला बस अशी खूण केली. पण इरा जागची हलली नाही. कुणीच हललं नाही. भरून झालं की काय करायचं असतं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

अक्कांनाही ठाऊक होतं. त्यांनी सगळ्यांवरनं एकदा नजर फिरवली, कुणी हसतंय का ते बघत. मग गुडघ्यावर हात टेकून पुढं सरकल्या, आणि वाकल्या. नव्या बांगड्या किणकिणत मनगटावरनं खाली आल्या.

ऋतुजानं गडबडून पाय मागं घेतले. "अक्का, अहो, हे काय!"

"पाय काढू नको," अक्का खालूनच म्हणाल्या. "कासारणीला शोभत न्हाई ते."